न अडवलेलं पाणी



चंद्रपूरहून सर्वांत जवळचा समुद्र गाठायचा तर आग्नेयेला चारशे किलोमीटरहून अधिक जावं लागतं. आणि आजचा विषय आहे समुद्राच्या तळाशी बसवलेल्या, भरती-ओहोटीच्या ओढीवर फिरणाऱ्या टर्बाइनचा. कार्यक्रमपत्रिका वाचून कुणाला वाटलं असेल की वक्त्याचं गाव चुकलं. गाव बरोबर आहे. वाहतं पाणी न अडवता त्यातून वीज काढता येते, हे आता प्रयोगापुरतं राहिलेलं नाही. ती वीज महाग आहे, थोडी आहे, आणि आपल्या नद्यांत ती होण्यासारखी नाही. हे तिन्ही आक्षेप मी पुढे स्वतःच मांडणार आहे. तरीही महाराष्ट्रात तिची बाजू घेऊन बोलण्याचा अधिकार आधी कुणाला असेल तर तो चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांना. पाणी अडवण्याची आणि कोळसा जाळण्याची खरी किंमत युनिटच्या दरात कधी धरली गेली नाही. ती कुणाकडून वसूल झाली, हे इथल्या माणसाला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

आधी यंत्र पाहू. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला पेंटलंड फर्थ नावाची सामुद्रधुनी आहे. अटलांटिक आणि उत्तर समुद्र तिथे एकमेकांना भेटतात, आणि दोन्हींकडच्या भरतीच्या वेळा जुळत नसल्यामुळे पाणी दिवसातून चार वेळा या अरुंद वाटेने धावतं, दोनदा इकडे आणि दोनदा तिकडे. मुख्य भूमी आणि स्ट्रोमा बेट यांच्या मधल्या पट्ट्यात ‘मेजेन’ प्रकल्पाची चार यंत्रं तीस मीटरहून अधिक खोलीवर बसवलेली आहेत. प्रत्येकाला तीन पाती, पात्यांचा घेर अठरा मीटर व्यासाचा, क्षमता दीड मेगावॅट. लोखंडी तिवईवर वजनं ठेवून यंत्र तळाशी दाबून ठेवलेलं असतं. पाती मिनिटाला चौदा-पंधरा फेरे घेतात, म्हणजे आपल्या घरच्या छताच्या पंख्यापुढे ती आळशीच म्हणायची. पाणी उलटलं की ती उलट्या ओढीलाही सामोरी जातात. वर समुद्र मोकळा असतो. ना भिंत दिसते, ना दरवाजे, ना बुडीत क्षेत्राची खूण. वीज केबलने किनाऱ्यावर जाते. पहिली वीज २०१६ च्या अखेरीस निघाली. चारांपैकी एका यंत्राने, मध्ये वर न काढता, सहा वर्षांहून अधिक काळ खाऱ्या पाण्यात काम केलं. खाऱ्या पाण्यात सील आणि बेअरिंग किती टिकतील, ही या धंद्यातली सर्वांत मोठी शंका होती, म्हणून ही गोष्ट मेगावॅटच्या कुठल्याही आकड्यापेक्षा मोलाची.

हेच यंत्र प्राणहितेत का बसवू नये, असा प्रश्न इथे पहिला येणार. ‘धरणाशिवाय नदीतून वीज’ हे शब्द ऐकायला इतके गोड लागतात की उद्या कुणी तेवढ्यावर योजना घेऊन येईलही. म्हणून हिशेब इथेच मांडून ठेवतो. वाहत्या पाण्याची शक्ती वेगाच्या घनाने बदलते. वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट. एक मीटर लांब, एक मीटर उंच अशी रिकामी चौकट पाण्यात धरली आहे असं समजा. पाणी सेकंदाला तीन मीटर वेगाने जात असेल तर त्या चौकटीतून साडेतेरा किलोवॅट शक्ती वाहून जाते, आणि चांगलं यंत्र त्यातली साधारण पाच किलोवॅट पकडतं. वेग एक मीटर असेल तर चौकटीत उरतात पाचशे वॅट, हाती येतात दोनशेच्या आत. आता एप्रिल-मे महिन्यातली वैनगंगा घ्या. रेतीतून सरकणारी धार सेकंदाला फूटभर गेली तरी पुष्कळ. त्या चौकटीतून जातात तेरा-चौदा वॅट आणि यंत्राला मिळतात चार-पाच. नऊ वॅटचा एलईडी दिवासुद्धा त्यावर पुरता उजळणार नाही. आणि अठरा मीटर व्यासाचा पात्यांचा घेर तर दूरच. मीटरभर पातं बुडेल एवढा डोह शोधत फिरावं लागेल.

पावसाळ्यात वेग मिळतो, हे खरं. पण पुराची नदी पाण्याबरोबर उपटलेले साग आणि मोहाचे ओंडके, गाळ आणि रेती आणते. भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्या एकत्र येतात. पूर आला की पर्लकोटेचा पूल पाण्याखाली जातो, आलापल्लीकडचा रस्ता तुटतो आणि पलीकडची गावं मागे राहतात. ज्या दिवसांत नदीत वीज असेल त्याच दिवसांत यंत्रापर्यंत माणूस पोहोचणार नाही. वर्षाचे आठ महिने यंत्र उघडं पडणार आणि चार महिने ओंडक्यांचा मार खाणार, असा हा सौदा आहे. हिमालयातल्या बारमाही, उताराच्या कालव्यांत गोष्ट वेगळी असू शकते. इथे ती तशी नाही, आणि नसताना आहे म्हणणं ही या भागाची आणखी एक फसवणूक ठरेल.

मग विषय इथला कसा? या दोन जिल्ह्यांचा विजेशी असलेला संबंध पाहा. चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅटचं आहे. पहिले संच ऐंशीच्या दशकात सुरू झाले, शेवटचे दोन २०१६ मध्ये. त्याला लागतो आजूबाजूच्या खाणींचा कोळसा आणि एरई धरणाचं पाणी. शहरही त्याच धरणाचं पाणी पितं. २०१० च्या उन्हाळ्यात एरई आटली तेव्हा पाण्यावाचून संच बंद ठेवावे लागले होते. कोळसा होता, यंत्रं होती, पाणी नव्हतं. आणि राख, धूर, खाणींचे ढिगारे यांचा जमाखर्च म्हणाल तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक परिसरांचा जो प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात चंद्रपूर ८३.८८ गुणांनी चौथं आलं. गुणवत्ता यादीत नाव झळकण्याचा हा एक प्रकार.

गडचिरोलीकडून वीज मागितली गेली ती पाण्याच्या रूपाने. गोदावरीवर इचंपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम ही दोन धरणं सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आणि ऐंशीच्या दशकात कागदावर पक्की होत होती. प्रत्येकाची वीजक्षमता हजार मेगावॅटच्या घरातली. नकाशावर पाहिलं तर या धरणांचं पाणी कुठे पसरणार होतं ते कळतं: सिरोंचा, भामरागड, पलीकडे बस्तर. तीन राज्यांच्या सीमेवरचं जंगल आणि त्यातली माडिया-गोंडांची गावं. आदिवासी उभे राहिले, बाबा आमटे आणि आदिवासी नेते लाल श्यामशाह त्यांच्यासोबत आले, आणि ‘जंगल बचाव, मानव बचाव’ या नावाने प्रश्न दिल्लीपर्यंत गेला. धरणं झाली नाहीत. त्या आंदोलनावर तेव्हा जो आरोप झाला तो आजही अधूनमधून कानी येतो: यांना वीज नको, यांना विकास नको. आंदोलन विजेविरुद्ध नव्हतं, पाणी अडवण्याविरुद्ध होतं. पण तेव्हाच्या तंत्राला या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नव्हत्या. पाण्याची वीज म्हणजे उंचीची वीज: पाणी अडवायचं, उंच साठवायचं, खाली सोडायचं. म्हणून ‘धरण नको’ म्हणणाऱ्याला ‘वीज नको’ म्हणणारा ठरवणं सोपं गेलं. पेंटलंड फर्थच्या तळाशी त्या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या आहेत. चाळीस वर्षांपूर्वी इंद्रावतीकाठी जो युक्तिवाद भाबडा म्हणून झटकला गेला, त्याला आज मोजता येण्याजोगा एक आधार मिळाला आहे. या यंत्राकडे इथून पाहायचं ते एवढ्यासाठी.

अडवण्याची किंमत नदीलाच पडते असंही नाही. भरती-ओहोटीची वीज प्रथम मोठ्या प्रमाणावर काढली ती फ्रान्सने, रांस नदीच्या मुखावर बांध घालून. २४० मेगावॅटचं हे केंद्र १९६६ मध्ये सुरू झालं आणि आजही चालतं. पण बांधकामाच्या काळात खाडीचं तोंड तीन वर्षं बंद राहिलं, खाडीतलं बरंच जीवन मेलं, आणि ते नव्याने स्थिरावायला दहाएक वर्षं लागली. दक्षिण कोरियातल्या सिह्वाची कथा तर उलट्या दिशेने शिकवते. तिथे गोड्या पाण्याचं सरोवर करण्यासाठी समुद्र भिंतीने तोडला, आतलं पाणी सडलं, शेवटी भिंतीतून समुद्राला पुन्हा आत घ्यावं लागलं. आणि आत घ्यायचंच आहे तर मध्ये टर्बाइन बसवू, असं म्हणून २०११ मध्ये २५४ मेगावॅटचं केंद्र उभं राहिलं. जगातलं सर्वांत मोठं भरती-वीज केंद्र हे एका चुकीच्या दुरुस्तीतून जन्मलं आहे. आपल्याकडे सरकारी कागदांत भरतीच्या विजेची संभाव्य क्षमता १२,४५५ मेगावॅट अशी दिली जाते आणि त्यासाठी खंभात आणि कच्छ ही नावं घेतली जातात. पण त्याच वाक्यात बांध घालण्याच्या तंत्राचा उल्लेख येतो. म्हणजे आकडा भरतीचा, मन मात्र धरणाचंच. सुंदरबनातल्या दुर्गादुआनी खाडीवर ३.७५ मेगावॅटचा जो प्रकल्प ठरला होता तोही खाडी अडवणाराच होता. त्याचा खर्च २३८ कोटींवर, म्हणजे मेगावॅटला साडेत्रेसष्ट कोटींवर गेला आणि तो सोडून द्यावा लागला. भारतात भरतीची वीज परवडत नाही, हा निष्कर्ष आपण एका न झालेल्या बांधावरून काढून बसलो आहोत.

तरी परवडण्याचा आक्षेप खोटा नाही. न अडवता घेतलेली वीजही महागच आहे. ब्रिटनमध्ये २०२४ च्या सरकारी लिलावात समुद्रतळाच्या टर्बाइनना मिळालेला दर मेगावॅट-तासाला १७२ पौंड होता, तोही २०१२ च्या किंमतपातळीवर. आपल्या हिशेबाने युनिटला अठरा-वीस रुपये, आजच्या भावात त्याहून वर. आपल्याकडे सौर वीज अडीच रुपयांच्या आसपास मिळते. मग हा नाद कशाला? यावर सौरविजेचाच इतिहास काढता येतो. २०१०-११ मध्ये केंद्रीय वीज नियामक आयोगाने सौर विजेसाठी धरलेला दर युनिटला १७ रुपये ९१ पैसे होता. दहा वर्षांत तो कुठे आला ते आपण पाहिलं. पण हा दाखला जपून वापरायला हवा. सौर पत्रा कारखान्यात लाखांनी छापला जातो. समुद्रतळाचं यंत्र उतरवायला खास जहाज लागतं, आणि पाण्याची ओढ थांबते त्या अर्ध्यापाऊण तासात काम उरकावं लागतं. तो दर पत्र्याच्या वेगाने पडणार नाही. अर्ध्यावर आला तरी मी समाधान मानीन.

महाग असूनही भरतीच्या विजेत एक गुण असा आहे की जो ना उन्हात आहे ना वाऱ्यात. ती केव्हा येणार हे आधीच ठाऊक असतं. चंद्रपुरातल्या कुठल्याही घराच्या भिंतीवर दिनदर्शिका लटकत असते. तिच्यातली आजची तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा. दुपारी किंवा रात्री बारानंतर तितक्या तासांनी मुंबईला पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमारास, अष्टमी असेल तर सहाच्या. कोळीवाड्यातला हा जुना ठोकताळा मिनिटाच्या हिशेबात चुकतो, पण फार नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. पाण्याचा वेग कधी वाढेल, कधी मंदावेल हे पुढच्या वर्षाचंच काय, पुढच्या पिढीचंही आज छापून ठेवता येतं. आषाढात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. चंद्राला ढगांची अडचण नाही. दिवसातून चार वेळा ओढ थांबते, हा दोष आहेच. पण मुंबईची भरती आणि भावनगरची भरती एका वेळी येत नाही, मध्ये काही तास जातात, म्हणून एका ठिकाणची उणीव दुसरीकडून थोडीफार भरून निघते. बॅटऱ्या स्वस्त होताहेत, मग वेळापत्रकाची काय मातब्बरी, असं कुणी म्हणेल. चार तासांसाठी ते बरोबर आहे. आठ ढगाळ दिवसांसाठी नाही.

दुसरा आक्षेप आकाराचा, आणि तो चंद्रपूरकराने घेतला तर त्याला तोंड द्यायला मला जड जाईल. मेजेनच्या चार यंत्रांनी मिळून पहिल्या सहा वर्षांत पाच कोटी युनिट वीज दिली. चंद्रपूरचं केंद्र पूर्ण क्षमतेने चाललं तर तेवढी वीज सतरा तासांत होते. सहा वर्षं आणि सतरा तास! या आकड्यापुढे कोळशाला पर्याय वगैरे भाषा गप्प बसते, आणि बसू द्यावी. समुद्रतळाची वीज चंद्रपूरचा एकही संच उद्या बंद करणार नाही. पण त्या सतरा तासांमागे जळालेला कोळसा, सोडलेली राख आणि एरईचं उडालेलं पाणी या तुलनेत कुठेच नाही. एका पारड्यात सगळा खर्च आणि दुसऱ्यात फक्त इंधनाचा खर्च ठेवायचा, या वजनकाट्यावर काहीही स्वस्त दिसतं.

सुरुवातीला न मांडलेला आणखी एक आक्षेप आहे, आणि तो मला सर्वांत खरा वाटतो. जंगलातला भार उचलून समुद्रावर ठेवायचा, आदिवासीच्या जागी कोळी आणायचा, एवढंच यातून होणार नाही का? मासे, सीलसारखे प्राणी यांचं काय, हा त्याचाच भाग. उत्तर आयर्लंडमधल्या स्ट्रँगफर्ड लॉक या आखातात २००८ मध्ये बसवलेल्या ‘सीजेन’ यंत्राभोवती सीलांवर वर्षानुवर्षं पाळत ठेवली गेली, सील जवळ आला तर सुरुवातीला यंत्र थांबवलं जाई, आणि मोठी हानी दिसली नाही. पण एका यंत्रावरून शंभर यंत्रांबद्दल बोलणं घाईचं होईल. आणि मासे वाचले तरी जाळी कुठे टाकायची हा प्रश्न उरतोच. यंत्रांच्या रांगेवरून ट्रॉल ओढता येत नाही. तो पट्टा मच्छीमाराच्या हातून जातो.

तरी धरण आणि हे यंत्र यांत मला दोन फरक दिसतात. पहिला असा की हे यंत्र काढता येतं. सीजेनचं काम संपल्यावर २०१९ पर्यंत ते खांबासकट उचलून नेलं गेलं. पाणी पूर्वीसारखं वाहतं. धरण असं परत घेता येत नाही. गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ मध्ये झालं, खर्च ३७२ कोटींवरून कितीतरी पटींनी वाढला, आणि बुडालेली गावं कुणी आता वर काढू शकत नाही. मेडीगड्ड्याचा बंधारा २०१९ मध्ये झाला आणि २०२३ च्या ऑक्टोबरात त्याचे खांब खचले. तरी सिरोंचा तालुक्यातली जी शेती त्याच्या फुगवट्याखाली आली तिची रेती झालेली माती काही परत येत नाही. पण काढता येतं म्हणजे काढलं जाईलच असं नाही. कॅनडात फंडीच्या उपसागरात एक यंत्र २०१८ मध्ये बसवलं, आणि त्याच महिन्यात कंपनी बुडाली. यंत्र तळाशी तसंच राहिलं. त्याच उपसागरात २००९ मध्ये बसवलेल्या पहिल्या यंत्राची पाती काही आठवड्यांत मोडली होती. तेव्हा काढून नेण्याचा पैसा पहिल्या दिवशी, यंत्र पाण्यात उतरण्याआधी, बाजूला ठेवून घेतला पाहिजे. खाणवाल्यांच्या बाबतीत आपण हे केलं असतं तर चंद्रपूरभोवतीचे ढिगारे आज वेगळे दिसले असते.

दुसरा फरक अजून व्हायचा आहे, आणि तो गडचिरोलीनेच शिकवण्याजोगा आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. त्या गावाची घडण इचंपल्लीविरोधी चळवळीतच झाली होती. २००६ च्या वनहक्क कायद्यामुळे आज जंगलात काही करायचं तर ग्रामसभेला विचारावं लागतं. निदान कागदावर तरी लागतं. समुद्राला असा कायदा नाही. कोळी ज्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकतो, त्या पाण्यावर त्याचा सामूहिक हक्क कुठल्याही सातबाऱ्यावर लिहिलेला नाही. समुद्रतळावर यंत्र बसवण्याआधी किनाऱ्यावरच्या गावसभेची संमती, हे कलम कुणीतरी मांडायला हवं. डहाणूच्या किंवा वर्सोव्याच्या माणसाने ते मांडलं तर त्याला विकासविरोधी म्हटलं जाईल. धानोऱ्याच्या माणसाने मांडलं तर निदान अनुभवाचं वजन त्यामागे असेल.

पण संमती कशाला मागायची, तेही आधी ठरायला हवं. मुंबई बंदराच्या तोंडाशी उधाणाच्या दिवशी वेग मीटर-दीड मीटरच्या आसपास जातो. वर सांगितलेल्या घनाच्या नियमाने तो तोकडा आहे. तीन मीटरच्या जवळ जाणारा वेग खंभातच्या आखातात आहे, पण तिथे पाणी गाळाने इतकं भरलेलं असतं आणि वाळूचे दांडे इतके सरकतात की स्कॉटलंडच्या खडकाळ तळावर टिकलेलं यंत्राचं सील तिथे टिकेलच असं म्हणता येत नाही. आपल्या किनाऱ्यावर डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत कितीतरी खाड्यांची तोंडं अरुंद आहेत. कुठे क्षणभर वेग किती, हे होडीवाला सांगेल. वर्षाचा वेग किती, हे मोजूनच कळेल. वेग मोजण्याचं यंत्र लहान असतं. ते तळाशी ठेवतात, ध्वनी वर सोडतात, पाण्यातल्या कणांवरून परत आलेल्या प्रतिध्वनीवरून प्रत्येक थराचा वेग टिपला जातो. एका जागी एक महिना ठेवलं तर त्यात दोन उधाणं आणि दोन भांग येतात. मागायचं ते एवढंच आहे: प्रत्येक खाडीच्या तोंडाशी एक महिना, आणि आकडे त्या त्या गावाच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, मराठीत.